रिकामा रकाना

परवाची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. नातू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला होता आणि मी शेजारी दुसऱ्या दिवशीची गवार मोडत होते. एकदम त्याने कपाळावर हात मारला.

"आजी, सगळे पास झाले गं!"

"मग चांगलंच झालं की."

"अगं, पण वर्गात कुणी नव्हतंच!"

माझ्याशी बोलताना तो नेहमी असा शाळेच्या भाषेत बोलतो. त्याचा त्रास काय होता ते समजून घेता घेता गवार तशीच राहिली आणि मला मात्र चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ती मी आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते, पण आधी त्याचं काम सांगायला हवं. (ज्यांचं पोट ह्याच कामावर आहे त्या भाचरांनी आणि पुतण्यांनी हसू नये. चुकलं तर सांगावं.)

त्यांच्या कचेरीत कामांची नोंद ठेवायला 'जिरा' नावाची प्रणाली आहे. आपल्या जिऱ्याशी तिचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन कंपनीने ती २००२ साली काढली, आणि नाव घेतलं 'गोजिरा'वरून, म्हणजे जपानी सिनेमातल्या त्या राक्षसावरून. मला तर 'गोजिरा' म्हटलं की पाळण्यातलं बाळच आठवतं. असो.

ह्या जिरात प्रत्येक कामाचा एक कागद असतो. तो 'करायचंय'पासून 'झालं'पर्यंत एकेक पायरी पुढे सरकतो. पुढे सरकायला नियम असतात आणि ते तीन जातींचे. मी ते शाळेतल्या प्रवेशासारखे लक्षात ठेवले. पहिला, अट. अट पुरी होत नसेल तर प्रवेशाचा अर्ज खिडकीवर दिसतच नाही. दुसरा, तपासणी. अर्ज मिळतो, पण लेखनिक तो वाचतो आणि "जन्मतारीख राहिली आहे" म्हणून परत करतो. तिसरा, नंतरचं काम. प्रवेश झाला की जनरल रजिस्टरमध्ये आपोआप नोंद पडते.

हे नियम छोट्या सूत्रांत लिहितात. मोठ्या कामाचे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याला किती कष्ट पडतील त्याचा एक आकडा देतात. म्हणजे सूत्राच्या हातात येते ती आकड्यांची यादी. समजा ३, ५, ८. ह्या यादीची बेरीज करा, सरासरी काढा, सर्वात मोठा आकडा शोधा, चढत्या क्रमाने लावा. आम्ही निकालपत्रकावर आयुष्यभर दुसरं काय केलं?

नातवाचा नियम असा होता: 'सगळे तुकडे पुरे झाले असतील तरच काम पुढे जाऊ द्या.' आणि एक काम असं निघालं की त्याचे तुकडेच कुणी पाडले नव्हते. यादी रिकामी. सूत्राने विचारलं, "सगळे झाले का?" उत्तर आलं, "हो." काम बिनदिक्कत पुढे गेलं.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. तो म्हणाला, "नाही आजी, त्याचं बरोबरच आहे. 'सगळे झाले' हे खोटं ठरायला न झालेला एक तरी सापडायला हवा ना? इथे एकही नाही." विचार केला, तर पटलं. ज्या वर्गात एकही मूल नाही तिथे एकही नापास नाही, हे खरंच. फक्त ते खरं असून काही उपयोगाचं नाही. उपाय सोपा होता. आधी यादीत काही आहे का ते विचारायचं, मग सगळे झाले का ते. पण हा आधीचा प्रश्न सुचायला चूक व्हावी लागली.

मग मी खोदून खोदून विचारत गेले. क्रम लावायचं सांगितलं तर? जिराच्या सूत्रांची भाषा ज्या जावास्क्रिप्टच्या वळणाची आहे, ती जावास्क्रिप्ट काही सांगितलं नाही तर आकड्यांना शब्द समजते आणि १, १०, २ असा क्रम लावते. हा तर शब्दकोशाचा क्रम! हजेरी घेताना एक नंबरनंतर दहा नंबरला 'हजर' म्हणायला लावल्यासारखं. आणि सारखे आकडे एकदाच धरायला सांगितलं तर? ५, ५, ८ ह्यांची बेरीज १८. एक पाच गाळला की १३. यादी वेगळी आणि संच वेगळा. दोन मुलांना सारखेच गुण मिळाले म्हणून कुणी एकाचं नाव पटावरून कमी करत नाही.

इथवर सगळी गंमत होती. मग त्याने चौथा प्रकार दाखवला. यादी होती ३, ५, रिकामं, ८. एका तुकड्याचा आकडा कुणी भरलाच नव्हता.

"ह्याची सरासरी किती, सांग आजी."

बेरीज १६. तीनने भागलं तर ५.३३. चारने भागलं तर ४. कोणतं खरं? एक्सेलमध्ये सरासरी काढली तर रिकामी चौकट मोजत नाहीत, शून्य लिहिलेलं असेल तर मोजतात. जावास्क्रिप्टमध्ये 'काही नाही' आणि ५ ह्यांची बेरीज केली तर ५ येतात, म्हणजे तिथे रिकाम्याचं गुपचूप शून्य होतं. एकच यादी, पण गाव बदललं की रीत बदलते.

आणि इथे माझ्या हातातली गवार थांबली.

१९८४ सालची गोष्ट. मी आठवीची वर्गशिक्षिका होते. गाव ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर कारखान्याच्या वाटेला लागायचा. त्यातला एक मुलगा, नाव लिहीत नाही. हुशार नव्हता, पण मन लावून बसायचा. कोपीवरून आला की आधी वही मागून घ्यायचा, मागचं उतरवून काढायला. त्या वर्षी चार परीक्षांपैकी तीन त्याने दिल्या. शेकड्याने गुण होते ४४, ४० आणि ४२. एका चाचणीच्या वेळी तो फडात होता.

निकालपत्रकात तो रकाना मी रिकामा ठेवला होता. वरून सूचना आली की एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, तपासणी आहे. मी 'गैरहजर' लिहू शकले असते. जागा लहान होती, रात्र झाली होती, अजून वीस मुलांची बेरीज राहिली होती. मी शून्य लिहिलं.

१२६ भागिले ३, बेचाळीस. १२६ भागिले ४, साडेएकतीस. पास व्हायला पस्तीस लागत.

माझी बेरीज चोख होती, भागाकारही. पत्रक तपासणाऱ्यालाही त्यात एक चूक सापडली नाही. जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला नाही. त्या एका शून्यामुळेच त्याची शाळा सुटली, असं मी म्हणत नाही. घरची ओढ होती, हाताला काम होतं, कदाचित तसाही तो गेला असता. पण त्याला जायला एक कारण माझ्या हाताने मिळालं, हे काही पुसता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: शून्य हे उत्तर आहे, आणि रिकामा रकाना हा प्रश्न आहे. शून्य म्हणजे मूल बसलं, पेपर लिहिला, काही आलं नाही. रिकामं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्याला शून्य म्हणणं ही गणिताची चूक नाही म्हणूनच ती कुणाला दिसत नाही.

नातवाने लगेच अडवलं. "पण आजी, रिकामं मोजलंच नाही तर लोक मुद्दाम रिकामं ठेवतील. अवघड तुकड्याला आकडाच द्यायचा नाही, म्हणजे सरासरी छान दिसते."

त्याचं म्हणणं खोटं नाही. गणिताच्या पेपरालाच पोट दुखणारी मुलं मीही पाहिली आहेत. गैरहजेरी नुसती माफ केली तर तीच पळवाट होते. म्हणजे शून्य धरणं चूक आणि सोडून देणंही चूक. मग करायचं काय?

तर थांबायचं आणि विचारायचं. त्याच्याच प्रणालीत ती सोय आहे, तो तपासणीचा नियम. यादीत एक जरी आकडा रिकामा असेल तर काम पुढे सोडायचं नाही, आणि समोर स्पष्ट लिहायचं की अमुक तुकड्याचा आकडा राहिला आहे, तो भरा किंवा का नाही ते लिहा. सूत्राला जे ठाऊक नाही ते माणसाकडे परत पाठवायचं. मी त्या रात्री हेच करायला हवं होतं. वरिष्ठांपुढे पत्रक ठेवून म्हणायला हवं होतं, "हा मुलगा ऊसतोडीला गेला होता. ह्याचं काय करायचं ते सांगा, मग मी बेरीज करते." कदाचित त्यांनी शून्यच सांगितलं असतं. पण मग तो निर्णय झाला असता. मी केली ती नुसती भरती होती.

शून्याचे नियम आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त मांडले, असं आम्ही अभिमानाने शिकवत आलो. त्या थोर माणसानेही शून्याला शून्याने भागलं की शून्य, असं म्हटलं होतं. आजचं गणित ते मानत नाही. रिकाम्या यादीची सरासरी काढायला गेलं की नेमका हाच भागाकार पुढे येतो, आणि जावास्क्रिप्ट त्याचं उत्तर देते, 'हा अंक नव्हे.' मला हे उत्तर फार आवडलं. 'मला सांगता येत नाही' असं म्हणायला यंत्रालाही शिकवलं आहे. आम्हा वर्गशिक्षकांना कुणी शिकवलं नव्हतं.

नातवाने त्या रात्री नियम दुरुस्त केला. यादी रिकामी आहे का, हे आधी. एखादा आकडा रिकामा आहे का, हे नंतर. बेरीज सगळ्यात शेवटी. मग म्हणाला, "आजी, झोप आता. अकरा वाजले."

गवार सकाळी मोडली. मोडताना त्या मुलाचं वय मोजत होते. आता चोपन्न-पंचावन्नचा असेल. कुठे असेल, काय करत असेल, ठाऊक नाही.

तो रकाना मी रिकामाच ठेवला आहे.