पटाचा हिशेब कोण देणार?

शंकरपटाला माझा विरोध नाही. आमच्या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे मंडई, नाटक आणि पट. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरवला. वाद मिटला, पण जबाबदारी तिथूनच सुरू होते.

परवानगी जिल्हाधिकारी देतात. मग अटी पाळल्या गेल्या की नाही, हे पाहणार कोण? बक्षिसात किंवा मंडपात सरकारी पैसा लागला असेल, तर आकडा गावासमोर का येऊ नये?

मुंबईत घोड्यांच्या शर्यतींचेही तेच. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा ३१ मे २०१३ ला संपला आणि सुमारे २११ एकर सार्वजनिक जमिनीचा निर्णय व्हायला २०२४ उजाडले. एवढी वर्षे उत्तर कोणी दिले?

उर्दूत याला जवाबदेही म्हणतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात जंगलाचे, बांबूचे निर्णय ग्रामसभा सर्वांसमोर घेते. पटाचा खर्चही तसाच ग्रामसभेत मांडा. नाही मांडला, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. विचारायला लाजू नका. पैसा आपलाच आहे.