रुळाकाठचा कॅमेरा

फोटो कशाचा काढावा याचे आपल्याकडे काही ठरलेले संकेत आहेत. लग्नाचा काढावा, बारशाचा काढावा, निरोपसमारंभाचा काढावा, पुढाऱ्यांच्या सत्काराचा तर काढावाच काढावा. आगगाडीचा फोटो काढणारा मात्र आपल्याकडे एक तर वेडा ठरतो, नाही तर संशयित. रुळापासून चार हात लांब, बांधावर कॅमेरा रोखून उभ्या राहिलेल्या माणसाला, 'काय हो, रेल्वेत आहात का?' हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्या भागातला शेतकरी पुढे जात नाही. गाडी ही बसण्यासाठी असते, बघण्यासाठी नसते, असा आपला साधा हिशेब आहे.

हा हिशेब चुकीचा आहे आणि तो आपल्याला महाग पडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

निजामाच्या राज्यात मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग गेल्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. त्याला पूर्णेपासून फाटा फुटला आणि 1912 साली गाडी हिंगोलीस येऊन पोचली. पुढे कित्येक वर्षे हिंगोली हे त्या फाट्याचे शेवटचे स्टेशन होते. रूळ तिथे संपत. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे दुसरे राज्य. स्वातंत्र्यानंतर हिंगोली ते खांडवा हा दुवा जोडला गेला आणि उत्तरेचे मीटरगेज दक्षिणेच्या मीटरगेजला मिळाले. राजस्थानातून निघालेला डबा एका मीटरच्या रुळांवरून हैदराबादेकडे जाऊ लागला, तो आपल्या वसमत-हिंगोलीवरून. स्टेशनच्या नावात अजून 'डेक्कन' हा शब्द आहे. केवढा हा इतिहास! भूगोलाच्या पुस्तकात मात्र त्याची एक ओळ नाही.

2008 साली पूर्णा ते अकोला मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले. पुढे अकोला ते खांडवा ही मीटरगेजही 2017 च्या आरंभी थांबली. मेळघाटात धुळघाटजवळ गाडी डोंगराला वळसा घालून आपल्याच मार्गावरून वर जाई, तेही बंद झाले. जवळजवळ शंभर वर्षे जी गाडी आपल्या जिल्ह्यातून धावली, तिचे किती फोटो आपल्यापाशी आहेत? मी आमच्या घरातली लोखंडी पेटी उघडून पाहिली. आजोबांचा पागोटे घातलेला फोटो आहे, आत्याच्या लग्नाचे फोटो आहेत, माळ्यावरच्या शिवणयंत्राशेजारी उभ्या असलेल्या आईचासुद्धा आहे. ज्या गाडीने ती वरात वाशीमहून आली, तिचा एकही नाही. आमच्याच घराची ही गोष्ट नव्हे. मी विचारले त्या दहा घरांतून हेच उत्तर मिळाले.

आता कोणी म्हणेल, त्या काळी कॅमेरे होते कुणाकडे? हे म्हणणे अर्धे खरे आहे. ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडे बहुधा बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री असे. एका फिल्मवर बारा फोटो. त्याचे शटर इतके सावकाश मिटे की पळती गाडी म्हणजे कागदावर नुसता करडा ओरखडा उमटे. शिवाय फिल्म महाग, धुलाई महाग. बारांतला एक फोटो इंजिनावर उडवणे परवडणारे नव्हते. त्यात पुलांवर आणि स्टेशनांवर 'फोटो काढण्यास मनाई'च्या पाट्या. तेव्हा वडीलधाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तरीही आपण काढत नाही, याला काय म्हणावे?

याबाबतीत इंग्लंडचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तिथे 1940 नंतरच्या काळात शाळकरी पोरे पाच-दहा पैशांच्या वहीत इंजिनांचे नंबर टिपत स्टेशनावर दिवस काढीत. त्यांतलीच पुढे कॅमेरे घेऊन रुळाकाठी उभी राहू लागली. एरिक ट्रेसी नावाचे एक बिशप होते. रविवारी प्रवचन आणि इतर दिवशी चढावर धापा टाकणारे इंजिन, असा त्यांचा क्रम. 1978 साली वाफेच्या गाडीची वाट पाहत असतानाच ॲपलबी स्टेशनावर त्यांना मृत्यू आला. ब्रिटिश रेल्वेने 11 ऑगस्ट 1968 रोजी आपली शेवटची नियमित मार्गावरची वाफेची खास गाडी सोडली, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना कॅमेरेवाल्यांची रांग होती. पुढे हौशी लोकांनी बंद पडलेले छोटे रेल्वेमार्ग स्वतः चालवायला घेतले, तेव्हा स्टेशनचा रंग कोणता होता, सिग्नल कुठे होता, डब्याची पायरी कशी होती, हे सारे त्या फोटोंवरून ताडून पाहता आले. हौसेचे रूपांतर दप्तरात झाले ते असे.

गंमत पुढेच आहे. तिकडे वाफ संपल्यावर ही मंडळी कॅमेरे घेऊन भारतात आली. आपल्याकडे वाफेची इंजिने पुढे पंचवीस-तीस वर्षे धावत होती. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ 1995 च्या डिसेंबरात थांबली, मीटरगेजवर ती आणखी काही वर्षे टिकली. आपल्या शेजारच्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेवर 1921 साली मँचेस्टरला बनलेले इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत राबत होते. मीटरगेजवर वायपी आणि वायजी या वर्गांची इंजिने धावत, त्यांतली पुष्कळशी जमशेदपूरला टेल्कोच्या कारखान्यात बनलेली. म्हणजे इंजिन आपले, रूळ आपले, कोळसा आपला, फायरमनचा घाम आपला. फोटो मात्र परक्याचा. आज मीटरगेजच्या वाफेचे उत्तम चित्र पाहायचे तर बहुतेक वेळा परदेशी माणसाचे पुस्तक उघडावे लागते.

त्या फोटोंबद्दल मला आदर आहे. हिवाळ्याच्या सकाळी गार हवेत वाफ पांढरी शुभ्र थिजते, चढावर इंजिन जोर करते तेव्हा धूर उंच उठतो, कोवळे ऊन चाकांच्या दांड्यांवर तिरपे पडते, हे सारे त्यांनी जाणले आणि त्यासाठी तासन्‌तास उभे राहिले. पण त्या चित्रांत माणूस कुठे आहे? असला तर दूर, टोपलीवाली बाई किंवा बैलगाडी, चित्राला शोभा आणण्यापुरता. खडी ठोकणारा गँगमन, फाटकाशी हिरवे निशाण धरून उभा असलेला गेटमन, बंबासमोर भाजून निघणारा फायरमन यांची नावे त्या फोटोंखाली बहुधा नसतात. इंजिनाचा नंबर मात्र अचूक असतो. याला मी त्यांचा दोष मानत नाही. पाहुणा घराचे दार पाहतो, घरातली नाती घरच्यानेच सांगायची असतात. आपण सांगितली नाहीत, एवढेच.

माझा एक मित्र या विषयावर माझ्याशी कडाडून भांडतो. तो म्हणतो, "ज्या जिल्ह्यातली माणसे दर दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईला पोट घेऊन जातात, तिथे आगगाडीचे फोटो काढणे ही भरल्या पोटाची चैन आहे. आणि गेलेल्या मीटरगेजसाठी रडणारे तुम्ही, त्या गाडीने अकोल्याला जायला किती वेळ लागायचा ते विसरलात."

त्याचे दुसरे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मीटरगेज परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. रुळांची रुंदी बदलली की माल तिथे उतरवावा लागे आणि दुसऱ्या डब्यात पुन्हा चढवावा लागे. वसमतची हळद असो की कापसाच्या गाठी, एकेक पोते हमालाच्या पाठीवरून जाई. वेळ जाई, पैसा जाई, मालाची नासाडी होई ती वेगळीच. रुंदीकरण झाले हे चांगलेच झाले. जालन्यापर्यंत येणारी मुंबईची जनशताब्दी 2024 मध्ये हिंगोलीपर्यंत आली, ती रूळ रुंद झाले म्हणूनच. वाफेच्या इंजिनाचे गोडवे गाणाऱ्यांनी डोळ्यांत गेलेली कोळशाची कणी आठवावी, एवढेच मी म्हणेन.

पण फोटो म्हणजे गेलेल्यासाठी रडणे, हे त्याचे पहिले गृहीतच मला पटत नाही. पोती वाहणाऱ्या त्या हमालांचा एक फोटो आज आपल्यापाशी असता, तर 'मागासलेपण कसे आले?' या प्रश्नावर दहा पानी निबंधापेक्षा अधिक बोलला असता. पोटासाठी जाणारी माणसे गाडीच्या दाराशी कशी लोंबकळतात, अनारक्षित डब्यात किती कोंबली जातात, फलाटावर रात्र कशी काढतात, याचा तारीख-वार घातलेला फोटो अर्जाला जोडला तर त्या अर्जाचे वजन वाढते. भरल्या पोटाची चैन ती ही नव्हे. ज्याचे दप्तर असते त्याचे गाऱ्हाणे ऐकले जाते. ज्याचे नसते त्याला 'पुरावा काय?' असे विचारले जाते.

आणि ही घाई आज अधिक आहे. वाफ गेली, मीटरगेज गेली, आता डिझेलचीही पाळी आली आहे. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले आहे. आपल्या मार्गावरही विजेचे खांब उभे राहिले. ज्या डिझेल इंजिनाला आपण कालपर्यंत 'नवे' म्हणत होतो, ते उद्या वाफेच्या शेजारी जाऊन बसेल. त्याचा भोंगा, त्याचा काळा धूर, उभे असतानाची त्याची घरघर यांचे आज कुणाला कौतुक नाही. 1960 साली वाफेचेही नव्हते!

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. रुळाकाठचा फोटो म्हणजे येणाऱ्या गाडीपुढे पाठ करून स्वतःचे तोंड टिपणे नव्हे. त्या खेळात कित्येक तरुण जिवानिशी गेले आहेत. विनापरवाना रुळांवर जाणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे गुन्हाही आहे. जाणता छायाचित्रकार रुळावर कधीच जात नाही, कारण चांगले चित्र तिथून मिळतच नाही. ते मिळते बांधावरून, फाटकाच्या अलीकडून, सार्वजनिक रस्त्याच्या पुलावरून. सूर्य पाठीशी आणि पिके समोर ठेवून. गाडी एका क्षणात जाते. तिच्यामागे उरतो तो प्रदेश, आणि खरा फोटो त्या प्रदेशाचाच असतो.

म्हणून माझी आपल्या महाविद्यालयाला तीन साधी मागणी आहे. एक, इतिहास विभागाने पूर्णा, वसमत, हिंगोली इथल्या जुन्या रेल्वे कुटुंबांकडून मीटरगेजचे जे काही फोटो असतील ते त्यांच्या परवानगीने उतरवून घ्यावेत आणि फोटोतला माणूस कोण, हे सांगणारे वृद्ध हयात आहेत तोवर लिहून घ्यावे. दोन, चोंढी, बोल्डा, नांदापूर, कन्हेरगाव नाका अशा लहान स्टेशनांच्या परिसरात दर महिन्याला ठरलेल्या सुरक्षित जागेवरून एक फोटो विद्यार्थ्यांनी काढावा. हळद शिजवण्याच्या दिवसांत, औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या गर्दीत, भर पावसात. तीन, प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण, गाडी आणि शक्य तिथे माणसाचे नाव, त्याला विचारून, लिहावे. नाव नसलेला फोटो दहा वर्षांनी मुका होतो.

याला मोठे अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. खिशातला फोन, एक वही आणि महिन्यातली एक सकाळ एवढेच लागते. आपल्या गाडीचा आणि आपल्या माणसांचा इतिहास परक्याच्या पुस्तकातून उसना घ्यायचा की आपला आपण लिहायचा, हा प्रश्न आहे. पुढच्या वार्षिकांकात या विषयावर कुणाला लेख लिहिण्याची गरज पडू नये. निदान चार पाने तरी आपल्याच मुलामुलींनी काढलेल्या फोटोंची असावीत.