फाइल-चार्ज देऊ नका

बोरिवली लोकलच्या दाराजवळ, वरच्या पत्र्यावर एक पिवळं स्टिकर हमखास चिकटवलेलं असतं. ‘10वी-12वी पास, मुलं-मुली, अंधेरी-मालाड, पगार 18 ते 25 हजार, आजच भेटा.’ कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, नुसता मोबाइल नंबर. कुणीतरी नखाने तो खरवडायचा प्रयत्न केलेला असतो, पण शेवटचे चार आकडे उरतातच. निकाल लागले की असल्या नंबरांचे फोन दिवसभर वाजत राहतात. म्हणून घाईने हे लिहितो आहे. मुलांनो, नोकरी मिळावी म्हणून कुणालाही एक रुपयासुद्धा देऊ नका. फाइल-चार्ज, रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो. ‘रिफंडेबल’ म्हटलं तर मुळीच नको.

माझी भाची मुलुंडला राहते. टी. वाय. बी. कॉम.चा निकाल लागला आणि तिसऱ्या दिवशी तिला विमानतळावर ग्राउंड स्टाफच्या नोकरीचं पत्र आलं. फोनवर दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू झाला होता. बाई गोड बोलत होत्या, ‘बेटा’ म्हणत होत्या. आधी युनिफॉर्मचे 1,850 रुपये मागितले. मग मेडिकलचे 2,400. मग गेटपासचे 4,500. पत्रावर गोल शिक्का होता, सही होती, मेल मात्र साध्या फुकटच्या खात्यावरून आलेला. रुजू व्हायच्या दिवशी पोरगी मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, पुढे रिक्षाने विमानतळ अशी सकाळी साडेसातला गेटवर हजर. बंदूकधारी जवानाने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, ‘आज सकाळपासून तू तिसरी.’

पोलिसांत जावं एवढी रक्कम मोठी नव्हती, आणि आईला सांगावं एवढी लहानही नव्हती. या धंद्याचा सगळा हिशेब एवढाच आहे. पन्नास हजार मागितले तर घरात चर्चा होते, कुणीतरी काका चौकशी करतो. दोन-दोन हजारांनी मागितलं की मुलं आपल्या साठवलेल्या पैशांतून देतात आणि फसल्यावर गप्प बसतात. आमची भाचीही दोन महिने गप्प होती.

तिला मूर्ख म्हणणारे नातेवाईक निघालेच. त्यांना मी जुलै 2024 ची आठवण करून देतो. विमानतळाच्या जमिनीवरच्या कामांसाठी, म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्यासाठी, कलिन्याजवळ थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा दोन-सव्वादोन हजार, आणि आलेल्या मुलांनी रस्ता भरून गेला. कुणी बुलढाण्याहून आलेलं, हातात पदवीचे कागद. शेवटी अर्ज ठेवून घेतले आणि मुलांना घरी जायला सांगितलं. ज्या शहरात हमालीच्या कामासाठी पदवीधर चेंगरतात, तिथे गोड आवाजात कुणी ‘बेटा, सिलेक्ट झालीस’ म्हटलं तर विश्वास ठेवावासा वाटणारच. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड असायचं. त्याने नोकरी क्वचितच लागायची, पण खिशातून काही जायचंही नाही!

परीक्षेचं शुल्क ही वेगळी गोष्ट. स्टाफ सिलेक्शन कमिशन 100 रुपये घेतं, मुलींना तेही माफ. रेल्वे, एमपीएससी यांचं शुल्क त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचं असतं, कुणा साहेबांच्या यूपीआयवर नाही. ॲप्रेंटिसशिपसाठी तर 1961 चा कायदाच आहे. तिथे उलट तुम्हालाच दरमहा विद्यावेतन मिळतं. आयटीआयचीच मुलं नव्हे, पदवीधरही ती करू शकतात, आणि कॉलेजात हे कुणी धडपणे सांगत नाही याचा मला राग येतो.

आता पैशांपेक्षा भयंकर गोष्ट. कॉलेजच्या कट्ट्यावर एखादा सीनियर सांगतो, ‘तुझं बँक खातं नुसतं वापरायला दे, महिन्याला पाच हजार. काम काहीच नाही.’ पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम त्याच्या हातात जातं. त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले लाखो रुपये फिरतात. पोलीस माग काढत येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी, म्हणजे तुमच्या आईने चहा टाकलेला असताना तुमच्या दारात. खातं गोठतं आणि आरोपी म्हणून नाव तुमचं लागतं. खातं, सिम, आधारची प्रत, मूळ मार्कशीट यातलं काहीही कुणाकडे ‘ठेवायला’ देऊ नका. खरी कंपनी मूळ कागद बघते आणि तिथल्या तिथे परत देते.

परदेशातल्या ‘डेटा एन्ट्री’ला तर दुरूनच नमस्कार करा. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतली गेली. मार्च 2025 मध्ये सरकारला हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेच्या वर भारतीयांना परत आणावं लागलं. एजंट टुरिस्ट व्हिसावर कामाला पाठवतो म्हणाला की तिथेच उठा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात नाव नसेल तर त्याचं ऑफिस कितीही चकचकीत असो, पासपोर्ट पिशवीतून बाहेर काढू नका.

आणि पैसे गेलेच असतील तर? लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. उद्या नाही, आईला सांगून झाल्यावर नाही, आत्ता. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उडी मारायच्या आत तो अडवता येतो, म्हणून पहिले काही तास सोन्याचे. यूपीआयच्या व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ हे दोन शब्द शांतपणे उच्चारा.

आईवडिलांनो, पोर फसलं म्हणून सांगायला आलं तर पहिली दहा मिनिटं ओरडू नका. फोन लावा, मग ओरडा. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कॉलेजांना विनंती आहे की शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी या आठवड्यातला एक तास काढा. सोसायट्यांनी आणि मंडळांनी 1930 हा आकडा मोठ्या अक्षरांत लिफ्टमध्ये, जिन्याशी चिकटवावा.

भाची पुढच्या सोमवारी तिच्याच कॉलेजात बोलायला जाणार आहे. ते बनावट पत्र तिने जपून ठेवलंय, तेच दाखवणार. फोटो मात्र काढायचे नाहीत, अशी अट तिने घातली आहे.