दशांची दशा

मराठीच्या प्राध्यापकाने फार तर केरसुणीवर लिहावे, व्हॅक्यूम क्लीनरवर लिहू नये, असा काही विद्यापीठाचा नियम नाही. तरी हा मजकूर संपादकांच्या हाती देताना मला संकोच वाटतो आहे. गालिच्याची झाडलोट हा आमच्या घरात माझ्या अखत्यारीतला विषय नव्हे. (सौभाग्यवती म्हणतील, 'कोणता आहे?' म्हणोत बापड्या!)

पण यंदा मे महिन्यात मी इंग्लंडात लेस्टरला ताईकडे गेलो आणि तीन आठवडे याच एका विषयात बुडून गेलो.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. १९८८ साली लग्न होऊन ती तिकडे निघाली, तेव्हा मी सहावीत होतो. आईने तिच्या सामानात लोणच्याच्या बरण्या कमी केल्या आणि भदोहीचा एक हातविणीचा लोकरी गालिचा घातला. "परक्या देशात पाय टेकायला काहीतरी आपलं हवं," असे तिचे म्हणणे. गुंडाळी आवळताना दाब म्हणून मला वर बसवले होते. त्या गालिच्याला माझा हातभार म्हणा, देहभार म्हणा, एवढाच.

तो गालिचा अजून ताईच्या बैठकीत आहे. दर रविवारी सकाळी भावोजी त्यावरून आपले उभे यंत्र फिरवायचे आणि ताई आत पोहे परतायची. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. ताईला अलीकडे दम लागतो. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि घरातली धूळ कमी करा म्हणून बजावले. भाच्याने लगेच फर्मान काढले: जुने यंत्र फेका, गालिचाही काढा. ताई म्हणाली, दोन्ही राहतील.

"मामा, तू सांग तिला. तुझं ऐकेल ती."

"अरे, मी मराठी शिकवतो!"

"म्हणूनच. तुला बोलता येतं."

बोलण्यापूर्वी वाचावे, ही आमची धंद्याची खोड. म्हणून आधी वाचले. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियराने धूळ शोषणारे यंत्र काढले, ते घोडागाडीवर असे. गाडी रस्त्यात उभी आणि लांब नळ्या खिडकीतून दिवाणखान्यात! सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. पण एका माणसाला पुढे ढकलता येईल असे उभे यंत्र अमेरिकेत, ओहायोमधल्या कँटन गावी जन्मले. जेम्स मरे स्पँगलर हा एका मोठ्या दुकानात झाडलोट करी आणि धुळीने त्याचा दमा उसळे. त्याने पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून यंत्र जुळवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि ते हूव्हर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने घेतले. पुढे ते नाव इंग्रजांच्या बोलीत चक्क क्रियापद झाले. आपण 'केर काढतो', इंग्रज 'हूव्हरतो'!

हे सारे मी ताईला जेवताना ऐकवले. बाकीचे तिने कानाआड केले, एकच विचारले, "त्यालाही दमाच होता का रे?"

मग प्रत्यक्ष तुलना. एक भावोजींचे जुने यंत्र, पिशवीचे. दुसरे भाच्याचे, बिनपिशवीचे. त्यात धूळ वावटळीसारखी फिरून पारदर्शक डब्यात पडते. अशी यंत्रे जेम्स डायसन याने गाजवली. पाच हजारांवर नमुने करून पाहिल्यावर त्याचे यंत्र १९९३ साली इंग्लंडच्या बाजारात आले, आणि पुढे अनेकांनी त्या वाटेने जाऊन तशी यंत्रे काढली. तिसरे शेजारच्या गुजराती बेनकडून उसने आणले. पिशवीचेच, पण नवे. भाचा वॉटांचे आकडे सांगू लागला, तेव्हा मी नुकतेच मिळवलेले ज्ञान पाजळले. युरोपीय संघाने २०१४ च्या सप्टेंबरात १६०० आणि २०१७ च्या सप्टेंबरात ९०० वॉटांची मर्यादा घातली, तरी घरे काही घाण झाली नाहीत. मोटर किती वीज खाते यावर सफाई ठरत नाही. जास्त जेवणारा विद्यार्थी हुशार असतो थोडाच!

उभ्या यंत्राची खरी करामत त्याच्या तळाशी असते. तिथे एक ब्रशाचे लाटणे गरगर फिरते. ते लव उपटल्यासारखी उघडते, ठोकते, आणि मुळाशी बसलेली रेती सुटून वर आली की हवा ती ओढून घेते. ही रेतीच गालिच्याचा शत्रू. पायाखाली ती लोकरीचे धागे कापत राहते. आपल्याकडे फरशीवर नळीचे यंत्र पुरते; जाड लवेला मात्र हे लाटणे हवे.

भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटवर मी खडूने तीन चौकोन आखले आणि प्रत्येकात शंभर ग्रॅम रवा पसरून पायाने दाबला. "सव्वापट रवा आणून दे म्हणजे झालं," ताई म्हणाली. नवी दोन्ही यंत्रे उत्तम उतरली. जुने मात्र नुसते घरघरले. निम्मा रवा तसाच.

"बघ, आई!" भाचा म्हणाला.

पण परीक्षकाने नापास करण्यापूर्वी पेपर एकदा फेरतपासावा. मी यंत्राचे कापडी दार उघडले. आत कागदी पिशवी ढोलासारखी फुगली होती, आणि तिच्यावर पेन्सिलीने, भावोजींच्या सुबक अक्षरात, लिहिले होते: '१४ मार्च'. पिशवी किती दिवस पुरते हे कळावे म्हणून ते प्रत्येक पिशवीवर तारीख घालत.

ही शेवटची. दोन वर्षे ताईने ती बदललीच नव्हती. काठोकाठ भरलेल्या त्या पिशवीतून बारीक धूळ घरात परत येत होती, आणि दर रविवारी यंत्र फिरवून ताई ती हुंगत होती.

भाचा गप्प झाला. मीही. बोलता येते म्हणून मला नेमले होते, पण एक शब्द सुचेना.

बऱ्याच वेळाने मी कपाटातली नवी पिशवी काढून घातली. अन्याय नको म्हणून जुन्याची परीक्षा पुन्हा घेतली, तर त्याने रवा तिघांत चांगला उचलला! पण खिडकीतून ऊन येत होते, आणि त्या उन्हात कापडातून निसटणारी धूळ सरळ दिसत होती. या जुन्या घडणीत केर आधी पंख्यातून जातो आणि मग पिशवीत फेकला जातो. बारीक धूळ कापडाबाहेर पडते. भाच्याच्या यंत्रातून फिरताना धूळ निसटेना, पण डबा रिकामा करताना अंगणातसुद्धा ताईला खोकल्याची उबळ आली. बेनच्या यंत्रात पिशवी मोटरीच्या आधी, तोंड आपोआप मिटणारी, आणि शेवटी हेपा गाळणी, ०.३ मायक्रॉनचे कणही शेकडा ९९.९७ अडवणारी.

राहता राहिला गालिचा. भाच्याच्या यंत्राने कडेच्या दशा ओढून लाटण्याभोवती गुंडाळल्या आणि दशांची पार दशा केली. बेनच्या यंत्रात लाटणे बंद करायची कळ होती. हातविणीच्या गालिच्यावर लाटणे बंद ठेवावे, लवेच्या दिशेने चालावे, दशांपासून दूर राहावे. आणि अधूनमधून गालिचा पालथा घालून पाठीवरून यंत्र फिरवावे, म्हणजे मुळाची रेती खाली गळते. वाचकहो, दिवाळीच्या सफाईत गच्चीवर काठीने गालिचा बडवून शेजाऱ्यांचा दुवा घेण्यापेक्षा हे बरे.

"ताई, भाऊबीजेची आगाऊ ओवाळणी घे," मी म्हणालो. पौंडांना शंभराहून मोठ्या आकड्याने गुणू नये, असा मनाला दम भरून बेनच्यासारखे यंत्र आणले.

ताई काही बोलली नाही. संध्याकाळी ती जुनी पिशवी घेऊन मागच्या दारी गेली. तोंडाला पदर बांधून, कात्रीने तारखेचा तेवढा तुकडा कापला, झटकला आणि आईच्या पाककृतींच्या वहीत ठेवला. पिशवी तिने स्वतः केराच्या डब्यात टाकली. जुने यंत्र जिन्याखाली आहे. ते फेकायचे नाही, आणि चालवायचेही नाही, असे ठरले.

मी निघालो तो रविवार होता. पोहे परतण्याचे काम भाच्याकडे होते, म्हणजे ते जळत होते. ताई नव्या यंत्रात पहिली पिशवी बसवीत होती. मध्येच थांबून म्हणाली, "अरे मास्तर, तुझ्या खिशात पेन्सिल आहे का?"