आधी पाहणी, मग पाणी

गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला की आपल्या सीमाभागातील घराघरांत नव्या मोटारीची बोलणी सुरू होतात. रंग कोणता, हप्ता किती, गाडी आणायला कोणी कोणी जायचे, याचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो. एका प्रश्नाचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. ताब्यात देण्यापूर्वी विक्रेत्याने मोटार धुऊन-पुसून चकचकीत करावी काय? माझे उत्तर स्पष्ट आहे. करू नये, आणि आपण ती करू देऊ नये.

लाखो रुपये मोजून धुळीने माखलेली गाडी दारात आणायची आणि घरच्या सुवासिनींनी तिला तशीच ओवाळायची काय, असा सवाल यावर येईल. सवाल रास्त आहे. पण त्याचे उत्तर पत्र्यावरील रंगात दडले आहे. गंजरोधक लेप, अस्तर, रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर अशी मोटारीच्या रंगाची रचना असते. झळाळी येते ती या शेवटच्या थरामुळे, आणि त्याची जाडी साधारणतः 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाएवढीही क्वचितच भरते. कारखान्यातून निघालेली मोटार ट्रेलरवरून लांबचा प्रवास करते आणि मग विक्रेत्याच्या आवारात कित्येक दिवस उघड्यावर उभी राहते. तिच्यावर साचलेल्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि ते या थराहून कितीतरी कठीण असतात.

मुहूर्ताच्या दिवशी दहा-वीस गाड्या एकाच वेळी द्यावयाच्या असतात. धुणारी पोरे दोन, बादली एक, फडके एक, आणि मागे व्यवस्थापकाची घाई. चाके पुसलेले फडकेच बॉनेटवर फिरते. त्यात अडकलेला कणन्‌कण ओरखडा काढीत जातो. शोरूमच्या मंद दिव्यांखाली काही दिसत नाही. दुपारच्या उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. काळ्या रंगावर तर ती लपतच नाहीत. ती घालवायची तर यंत्राने पॉलिश करावे लागते, आणि पॉलिश करणे म्हणजे तोच पातळ थर आणखी झिजवणे. दोष त्या पोरांचा नाही. त्यांना ना वेळ दिला जातो, ना स्वच्छ फडके.

हे झाले नुकसान. त्याहून गंभीर आहे ती झाकपाक. वाहतुकीत लागलेला ओरखडा तेलकट पॉलिशने काही काळ बुजतो. दोन-चार वेळा गाडी धुतली की तो पुन्हा वर येतो. बैलबाजारात शिंगे रंगवून, अंगाला तेल चोळून आणलेला बैल आपले आजोबा कसा पारखीत? ते शिंगांकडे बघत नसत. जबडा उघडून दात मोजीत, चार पावले चालवून बघत. त्यांची नातवंडे मात्र बॉनेटवरच्या झेंडूच्या हाराकडे पाहून सही करतात!

सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे एक शिस्त अंगात मुरली आहे. माल आला की प्रथम तपासणी, मग साठा नोंदवहीत नोंद आणि त्यानंतर पोचपावती. मोटारीच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली आधी सही होते, पेढे वाटले जातात, आणि कोगनोळीचा नाका ओलांडून घरी आल्यावर ओरखडा सापडतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. कोल्हापुरात घेतलेल्या गाडीची तक्रार आपण बेळगावात करू शकतो, ही आपल्यासारख्यांची मोठीच सोय आहे. पण आपल्याच सहीचा कागद समोर ठेवला गेला तर बोलायचे काय?

‘धुणे मोफत आहे’ असे सांगितले जाते. मोफत असले तरी हानी ती हानीच. ‘वितरणपूर्व तपासणी करावीच लागते’ असेही सांगतात. ती जरूर करावी. बॅटरी, तेलपाणी, चाकांतील हवा, दिवे हे सारे तपासलेच पाहिजे; त्यासाठी टपावर फडके फिरवण्याची गरज नाही. ‘धुळीत ओरखडे दिसणार कसे?’ हा आक्षेप तेवढा विचार करण्याजोगा आहे. त्यावर तोडगा सोपा आहे. आपल्यासमोर नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ उतरवून घ्यावी, कापड लावू देऊ नये, आणि मग उजेडात गाडीभोवती सावकाश फिरून पाहावे. पक्ष्याची विष्ठा रंग खाते, तेवढी मात्र भिजवून हलकेच काढून टाकावी.

म्हणून आगाऊ रक्कम भरतानाच लेखी कळवावे: ‘गाडी धुऊ नये, पुसू नये, पॉलिश करू नये, आसनांवरील प्लास्टिक काढू नये.’ तोंडी सांगणे मुहूर्ताच्या गर्दीत विरून जाते. मग घरी सावलीत, दोन बादल्या आणि मऊ, स्वच्छ कापड घेऊन, भरपूर पाण्याने आपल्या हाताने तिला पहिले स्नान घालावे. ओवाळणी त्यानंतर खुशाल करावी. ज्या विक्रेत्याला ही विनंती खटकेल, त्याला गाडी देण्याची घाई आहे की काही झाकायचे आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे.