आजोबांची रायफल आणि आजचं मटण

साकोली-लाखनीकडच्या लग्नात रात्रीच्या पंगती आटोपल्या, की मांडवाच्या कोपऱ्यात विषय चितळाच्या मटणावर येतो. कुणाच्या तरी आजोबांची ३१५ बोअरची रायफल निघते, एका गोळीत पडलेलं चितळ निघतं आणि मग ठरलेलं वाक्य येतं: "तशी चव बकऱ्याला नाही. सरकारनं उगाच बंदी घातली." माझ्या आजोबांकडेही ती रायफल होती. तिच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. म्हणून हे म्हणणं पुरतं ऐकून घेऊनच मला ते खोडायचं आहे.

पहिला मुद्दा रायफलीचा. चांगली रायफल आणि बसलेला नेम असेल तर जनावर तडफडत नाही, हे खरं आहे. .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून इशापूरच्या कारखान्याची ३१५ बोअर घरोघरच्या शिकाऱ्यांची लाडकी झाली. गोळी पुढच्या पायामागे, काळीज-फुप्फुसात बसली की चितळ थोडं धावून कोसळतं. पण आजोबा दिवस मावळल्यावर बार काढत नसत आणि जनावर आडवं उभं राहिल्याशिवाय घोड्याला बोट लावत नसत. ती शिकार स्वच्छ होती ती या संयमामुळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी परवान्यावर शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. आज चोरून मारलं जाणारं चितळ बहुधा फाशात अडकतं, कुत्र्यांच्या तोंडी जातं किंवा विजेच्या लाइनवर आकडा टाकून गुडघाभर उंचीवर ताणलेल्या तारेला चिकटतं. तारेला मादी कळत नाही, पाडस कळत नाही, वाघही कळत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनंच मेला. मांडवात आजोबांच्या रायफलीचं गुणगान होतं तेव्हा आड लपते ती ही तार. पीकरक्षणाच्या बंदुकीचं नाव पुढे करणाऱ्यांनीही १९५९ चा शस्त्र कायदा वाचावा. त्यात पिकासाठी जी बंदूक सांगितली आहे ती गुळगुळीत नळीची किंवा भरमार. अंधारात तिच्या छऱ्यांनी चितळ मरण्यापेक्षा जखमी होऊन झुडपात सडण्याचीच शक्यता जास्त.

आता चव. या बाबतीत माझं मत सगळ्यात ठाम आहे. हरणाच्या मांसाची जगभर जी कीर्ती आहे ती मारण्याच्या आणि मारल्यानंतरच्या शिस्तीची आहे. जनावर बेसावध असताना मेलं तर स्नायूंत साठलेल्या साखरेचं आम्ल होतं, त्यानं मांस टिकतं. पळून पळून, भिऊन मेलेल्या जनावराची ती साखर आधीच संपलेली असते. त्याचं मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर नासतं. मारल्यावर लगेच आतडी काढावी लागतात, धड थंड करावं लागतं, मग थंडीत काही दिवस टांगून ठेवावं लागतं. स्कॉटलंडच्या डोंगरात ही थंडी हवेतच असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. इथं रात्री दोन वाजता बोडीच्या काठी पळसाच्या पानांवर तुकडे पडतात, गोणीत भरतात आणि उजाडायच्या आत वाटे घरोघर जातात. ना कुणी तपासलेलं, ना थंड केलेलं. चितळाच्या मांसात चरबी नावापुरती, त्यामुळे ते शिजताना कोरडं पडतं. म्हणून त्यावर तेल आणि सावजी मसाला ओततात. मग लोक जी चव सांगतात ती त्या मसाल्याची असते. आणि गोळीनं मारलेलं असलं तरी शिशाचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात शिरतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा याच कारणानं बाजूला काढावा लागला होता.

अमेरिकेत लोक हरणं मारून खातात, हा दाखला काही जण देतात; तो तर उलटाच पडतो. तिथं हरणं मारायला परवानगी आहे, पण रानातलं हरीण मारून त्याचं मांस बाजारात विकायला सहसा बंदी आहे, कारण एकेकाळी बाजारानंच तिथली हरणं संपवत आणली होती. शिवाय तिथल्या बऱ्याच मुलखातून लांडगा गेला. हरणाला खाणारं फारसं उरलं नाही. आपल्या चितळाला खाणारे आहेत. कोका, नागझिरा, कऱ्हांडला या अभयारण्यांतले वाघ, बिबटे आणि रानकुत्री त्याच्यावर जगतात. एक वाघ वर्षाला पन्नासेक जनावरं मारतो आणि तेवढी मिळत राहायला रानात पाचशे जनावरांचा साठा लागतो. तो साठा आटला की वाघ गुरांकडे वळतो, आणि किंमत वाटा खाणारा मोजत नाही, गुराखी मोजतो.

राहिला शेतकऱ्याचा मुद्दा, आणि तो मी खोडणार नाही. पऱ्हे रोवून झाले की चितळांचा कळप बांधीत उतरतो, डुक्कर आणि रोही उरलेलं तुडवतात. पावसात रात्र रात्र जागल करणाऱ्याला जंगलाचं प्रेम शिकवायला जाणं हा अन्याय आहे. पण त्याच्या रागावर उतारा म्हणून मटण देऊ नका. पिकाला धोका करणारं जनावर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याच्या ११ व्या कलमात मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे, आणि असं मारलेलं जनावर ३९ व्या कलमानं सरकारची मालमत्ता ठरतं. ते तसंच राहावं. मांसाला भाव आला की पिकाचं नुकसान करणारी जनावरं कागदावर दर आठवड्याला वाढत जातील.

शेतकऱ्याला द्यायचं ते वेळेवर द्या. नुकसानीचा पंचनामा पीक उभं असतानाच व्हावा आणि भरपाई पुढच्या रोवणीआधी हातात पडावी. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपण मिळतं. ते एकेका शेताला न देता जंगलकाठच्या गावाच्या सगळ्या बांध्यांना मिळून घाला, म्हणजे कळप शेजाऱ्याच्या धानात जाणार नाही. या कुंपणाचा झटका जनावर हाकलतो, मारत नाही. आणि जंगलातून जाणाऱ्या विजेच्या लाइनींवर वनरक्षक आणि लाइनमन यांची रात्रीची गस्त एकत्र सुरू करा, या हंगामापासून.