बळीराजाला हिट पॉइंट्स किती?

लोकहो, आज जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडण आमच्याच बिरादरीशी आहे. ज्यांना जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी टेबलात, कुठल्या तरी कॉलमात बसवल्याशिवाय झोप लागत नाही, अशा लोकांशी. (त्यात मीही आलोच. गुन्हेगार क्रमांक एक.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो (तो डीएम), बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि फासे टाकून काय होतं ते ठरतं. आमचा पुण्यातला ग्रुप दर शनिवारी खेळतो. सगळे आयटीवाले. डीएम मी.

तर मागच्या दिवाळीत मला हुक्की आली, की दिवाळी स्पेशल करू. बळी आणि वामनाची गोष्ट घेऊ. रात्र जागून तयारी केली. या खेळात विश्वाचा एक नकाशा आहे, त्याला 'ग्रेट व्हील' म्हणतात. कडेनं सोळा लोक, मधोमध सतरावा. चांगले-शिस्तीचे एका कोपऱ्यात, वाईट-बेशिस्त त्याच्या समोरच्या. प्रत्येक देव, दानव, भूत, पिशाच्च या चाकावर कुठे तरी बसलंच पाहिजे. मी बळीला बसवला. असुर आहे ना? मग 'फीन्ड'. अलाइनमेंट: दुष्ट. पत्ता: पाताळ, म्हणजे नऊ नरकांच्या आसपास कुठे तरी. हिट पॉइंट्स भरपूर. झालं काम!

शनिवारी सगळे जमले. बॉस समोर आला. आमच्या पॅलॅडिननं नियमाप्रमाणे विचारलं, 'मला काही जाणवतंय का?' मी म्हटलं, 'फीन्ड.' त्यानं फासा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

'अरे, आमच्याकडे याला ओवाळतात,' तो म्हणाला. 'माझी आई पाडव्याला इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणते. मी याच्यावर तलवार कशी चालवू?'

हा मित्र साताऱ्याकडचा, घरी शेती. बाकीचे म्हणाले, 'अरे, गेम आहे यार.' तो काही भांडला नाही. चहा करायला आत गेला. त्या रात्री खेळ पुढे सरकलाच नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. आणि आता माझं ठाम मत झालंय: सणांच्या गोष्टी या चाकावर बसवणं हा नुसता वेडेपणा नाही, ती चूक आहे. डिझाइनचीही आणि माणुसकीचीही.

आधी डिझाइनची चूक. आपलं राहू द्या, ख्रिसमसच घ्या. सँटाला या खेळात बसवायचे प्रयोग लोक दर डिसेंबरला करतात. एका रात्रीत तो इतकी घरं कशी करतो? 'टाइम स्टॉप' वापरत असेल! पाचव्या आवृत्तीत हा नवव्या लेव्हलचा मंत्र, म्हणजे सगळ्यात वरचा. तोसुद्धा जास्तीत जास्त पाच टर्न देतो. टर्नला सहा सेकंद, म्हणजे एकूण तीस सेकंद. तीस सेकंदांत आमच्या सोसायटीची एक विंगसुद्धा उरकत नाही! मग म्हणे तो देवच असणार. देव म्हटलं की पत्ता आला. पण कुठला? अमेरिकन पोरांना विचारा, उत्तर ध्रुव. फिनलंडवाले सांगतील, लॅपलंडमधला कोर्वातुंतुरी डोंगर. डच लोकांचा सिंटरक्लास तर बोटीत बसून स्पेनहून येतो. तिन्ही उत्तरं बरोबर. कुठला प्रायमरी की लावणार?

पुढची गंमत. ऑस्ट्रिया, बव्हेरियाच्या डोंगराळ भागात ५ डिसेंबरच्या रात्री क्राम्पस येतो. शिंगं, केसाळ अंग, हातात साखळ्या आणि फोकाची जुडी. नियमपुस्तक उघडून कोणीही सांगेल: फीन्ड. आणि संत निकोलस कोण? सज्जन बिशप, म्हणजे चाकाच्या बरोबर समोरच्या टोकाला. मग हे दोघं एकमेकांचे हाडवैरी असायला हवेत. पण ते येतात एकत्र! एक खाऊ देतो, दुसरा दम देतो. त्यांना चाकाच्या दोन टोकांना बसवलंत की गोष्टच मेली.

आणि आपला बळी? भागवतात पाहा. वामनानं त्याला सुतलात धाडलं, ठीक. पण पुढे खुद्द विष्णू त्याच्या दाराशी द्वारपाल म्हणून उभा राहिला. सांगा आता, हे कुठल्या अलाइनमेंटमध्ये बसतं? देव वॉचमन आणि असुर मालक!

आता माणुसकीची चूक. 'असुर म्हणजे दुष्ट' हे लेबल काही निसर्गनियम नाही. कोणी तरी ते लावलेलं असतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून मांडलं आणि वामनाच्या बाजूनं सांगितली जाणारी गोष्ट उलटी करून दाखवली. केरळात ओणमला लोक त्याच महाबलीच्या स्वागताला फुलांच्या रांगोळ्या घालतात. म्हणजे ज्या प्रश्नावर इथे दीडशे वर्षं वाद चाललाय, तो मी एका ड्रॉपडाउनमध्ये निकालात काढला होता. तेही रात्री दोन वाजता, कॉफी पीत.

आणि हा रोग जुनाच आहे बरं का. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे. वाघाचं तोंड, अंगात झकास कोट, तोंडात पाइप! मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की मरतो. हे कुठल्या पुराणात आहे म्हणून शोधू नका. १९७४ मधल्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या भागातून ते आलंय. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये तर आपल्या इंद्र, विष्णूंनाही आर्मर क्लास आणि हिट पॉइंट्स आहेत. त्यांना हसायला मला आवडलं असतं. पण मी तरी वेगळं काय केलं?

मग काय, सण खेळात आणायचेच नाहीत? आणायचे की! फक्त नकाशात नाही, कॅलेंडरात आणायचे. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. सणाची गोष्ट 'कुठे' या प्रश्नाला बांधलेली नसते, ती 'कधी'ला बांधलेली असते. आइसलंडचे तेरा यूल लॅड्स बघा. १२ डिसेंबरपासून रोज एक येतो आणि ख्रिसमसपासून ६ जानेवारीपर्यंत रोज एक परत जातो. ही कॉस्मॉलॉजी नाही हो, हा क्रॉन जॉब आहे!

आणि गंमत म्हणजे खेळाला हे माहीत आहे. 'फरगॉटन रेल्म्स' या एड ग्रीनवूडनं रचलेल्या जगात तीस दिवसांचे बारा महिने आहेत आणि वर पाच सणाचे दिवस, जे कुठल्याच महिन्यात मोडत नाहीत. त्यातला 'फीस्ट ऑफ द मून' हा मेलेल्या पूर्वजांच्या आठवणीचा. (आपला पितृपक्षच की.) दोन महिन्यांच्या मधली ही फट सणांसाठीच ठेवलेली आहे. आम्ही मात्र पाहुण्याला त्या फटीतून आत घ्यायचं सोडून त्याचा कायमचा पत्ता विचारत बसतो.

आता कोणी म्हणेल, नियम नसतील तर खेळायचं कसं? नियम हवेतच. पण तारखेचे नियम लिहा. त्या रात्री काय चालतं, काय चालत नाही. दार कधी उघडतं, कधी बंद होतं. पाहुणा काय मागतो, त्याला नाही म्हटलं तर काय होतं. यातून उलट जास्त चांगला खेळ होतो, कारण मारून टाकणं हा पर्यायच उरत नाही. आणि 'नुसता गेम आहे' म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: नुसता गेम असता तर आपण अलाइनमेंटवरून रात्री बारापर्यंत घसा कोरडा केला नसता.

असो. येत्या दिवाळीत तोच भाग पुन्हा खेळणार आहोत. बळीच्या नावाचं कार्ड मी फाडून टाकलंय. त्याच्या जागी एकच ओळ लिहिली आहे: 'कार्तिक शुद्ध प्रतिपदा. पणत्या विझेपर्यंत राजा घरी असतो.' आणि त्या रात्री डीएमच्या खुर्चीत मी नसेन, आमचा पॅलॅडिन असेल. चहा मी करणार आहे.